घडीचे दार



चार वर्ग, दोन गुरुजी आणि एकच लांबट खोली, अशा शाळा आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. एका टोकाला दुसरीची मुले पाढे म्हणत असतात, दुसऱ्या टोकाला चौथीची मुले नद्या पाठ करीत असतात. आणि मधोमध जो बसलेला असतो त्याच्या कानात सात साते एकोणपन्नास आणि कृष्णा-कोयनेचा संगम एकदमच शिरतो. बरं, मध्ये पक्की भिंत घालावी, तर आवाज थांबेल खरा. पण पंधरा ऑगस्टला सगळी मुले बसवायची कुठे? पालकांची सभा कुठे घ्यायची? पडदा लावला तर नजर अडते, आवाज अडत नाही.

घराचेही तेच. ओसरी आणि माजघर रोज वेगळे हवे, आणि कार्याच्या दिवशी एक हवे. अशा दुहेरी गरजेला सुतारकामात एक साधा उपाय आहे, तो म्हणजे घडीचे दार. कागदाच्या पट्टीला घड्या घालाव्यात तशा लाकडी झडपा एकमेकींवर दुमडतात आणि भिंतीच्या कडेला उभ्या राहतात. उलगडल्या की आडोसा, दुमडल्या की मोकळी जागा. आपल्या जुन्या बाजारपेठांत दुकाने फळ्यांनी बंद होत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खालीवर खोबणी, आणि तीत एकामागून एक सरकवलेल्या आकडे घातलेल्या फळ्या. घडीचे दार म्हणजे त्याच फळ्या, पण बिजागऱ्यांनी एकमेकींशी बांधलेल्या. उचलून कोपऱ्यात रचायला नकोत आणि आकडा चुकायची भीती नको.

हे दार गावातल्या गावात करता येते. चांगला सुतार, वाळलेले लाकूड आणि थोडा धीर, एवढे असले की पुरे. पण याची एक खोड आहे, बरं का. बसवल्या दिवशी ते अलगद फिरते, गावकरी कौतुक करतात, आणि आषाढ लागला की अडते. पुढचे बोलणे ठरलेलेच.

“सुतारमामा, दार अडतंय.”

“त्यात काय गुरुजी, दोन हात रंधा मारून देतो की!”

रंधा फिरतो, दार सुटते, सगळे खूश. मग चैत्र येतो. दोन झडपांमध्ये बोट जाईल एवढी फट दिसू लागते, आणि पलीकडच्या वर्गातला एखादा खोडकर मुलगा त्या फटीतून इकडे खुणा करू लागतो. पुढच्या पावसाळ्यात दार पुन्हा अडते, कारण मुळातले दुखणे वेगळेच होते. पुन्हा रंधा. काही वर्षांत झडपा इतक्या छाटल्या जातात की कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. मग एक दिवस दार दुमडून भिंतीला लावले जाते ते कायमचेच. वर्गणीचे पैसे गेले, लाकूड गेले, आणि पाढे व नद्या पुन्हा एकत्र आल्या.

म्हणून आज मुख्य सांगायचे ते हे, की अडलेल्या दाराला रंधा हे शेवटचे औषध आहे, पहिले नव्हे. रंध्याने काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही. दार का अडले ते आधी शोधायचे, आणि ते शोधायचे तर दार उभे कसे असते हे समजून घ्यायला हवे.

घडीच्या दाराला दोन गोष्टी छळतात. एक त्याचे स्वतःचे वजन, आणि दुसरी हवेतली ओल.

पहिल्यांदा वजनाचे पाहू. आपण एक उदाहरण धरू. चौकटीच्या आतली मोकळी जागा ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे. तिला चार झडपा करायच्या, दोन डावीकडे दुमडणाऱ्या आणि दोन उजवीकडे. प्रत्येक झडप साधारण २ फूट रुंद. सागवान घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते; तेव्हा सरासरी इंचभर जाडीची अशी एक झडप २० किलोच्या आसपास जाईल.

आता एकच झडप चौकटीला टांगली तर तिच्या वजनाचा मध्य बिजागरीपासून १ फुटावर येतो. तिला दुसरी झडप जोडली की त्या दुसरीचा मध्य ३ फुटांवर जातो. गुरुजींनी मुलांना तरफ शिकवलेली आहेच. वजन गुणिले अंतर हा हिशेब इथे लावा. पहिल्या झडपेचे २० गुणिले १, म्हणजे २०. दुसरीचे २० गुणिले ३, म्हणजे ६०. दोन्ही मिळून ८०. म्हणजे झडप एकीची दोन झाली, वजन दुप्पट झाले, पण वरच्या बिजागरीवरची ओढ चौपट झाली! घडीचे दार लोंबते ते याच कारणाने. वरच्या बिजागरीचे स्क्रू हळूहळू निसटू लागतात, पुढची कड खाली येते आणि फरशीला घासते. आपण खालून रंधा मारतो. पण दुखणे वरच्या बिजागरीत असते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. दार दुमडले की दोन्ही झडपांचा मध्य भिंतीजवळ, सुमारे १ फुटावर येतो, आणि ओढ निम्म्यावर उतरते. तेव्हा मे महिन्याच्या लांब सुटीत शाळेतले हे दार उलगडून ठेवू नका. दुमडून, आकडा लावून ठेवा. तेवढाच बिजागऱ्यांना विसावा.

आता ओलीचे पाहू. लाकूड कापून, रंधून, रंगवून दार झाले तरी ते हवेतली ओल घेतच राहते आणि सोडतच राहते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मात्र ते फुगते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाही. उभा धागा तेवढाच राहतो, आडवा पसरतो. सागाचा ढोबळ हिशेब असा, की ओल शेकडा १ ने वाढली की फळीची रुंदी हजाराला सुमारे २ ने वाढते. कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत ओलीत शेकडा ८ चा फरक पडला असे धरले, तर रुंदी हजाराला १६ ने वाढेल. साग हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. इतर पुष्कळ लाकडे याहून जास्त हलतात.

पाटी-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. ८ फूट म्हणजे ९६ इंच. सगळे दार उभ्या फळ्या जोडून केले, तर या ९६ इंचांत सुमारे दीड इंच वाढ होते. सुतारांच्या भाषेत १२ सूत, कारण ८ सुतांचा एक इंच. आता आपण फटी किती ठेवतो? दोन्ही बाह्यांशी एकेक, झडपांच्या दोन जोडांत एकेक आणि मधोमध एक, अशा पाच फटी, प्रत्येक सूतभर. एकूण ५ सूत. वाढ १२ सूत आणि जागा ५ सूत. दार अडणार नाही तर काय होणार?

म्हणून फळ्या जोडून केलेले दार घडीला चालत नाही. झडप पॅनेलची करावी. दोन उभ्या पट्ट्या, तीन आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्या आतल्या खोबणीत मोकळी बसवलेली पॅनेले. पॅनेल खोबणीतल्या खोबणीत फुगते आणि आकसते. झडपेची रुंदी त्याने बदलत नाही. मग रुंदीत वाढणाऱ्या राहिल्या फक्त उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी ४ इंच धरली तर चार झडपांच्या आठ पट्ट्यांचे ३२ इंच होतात. त्यांची वाढ अर्धा इंच, म्हणजे ४ सूत. जागा ५ सूत आहे. सूतभर शिल्लक राहिले! दाराचे सगळे यश या एका सुतावर उभे आहे म्हणा ना.

हा हिशेब समजला की पुढचे काम सोपे आहे. आता क्रमाने घेऊ.

आधी एक इशारा. दोन खोल्यांमधली उभी भिंत फोडून ८ फुटांची वाट करायची असेल, तर तिच्या डोक्यावर छपराचा काय भार आहे हे जाणत्या माणसाला, शक्यतो अभियंत्याला, दाखवल्याशिवाय पहार लावू नका. शाळेची इमारत असेल तर ज्यांची इमारत त्यांची लेखी परवानगी घ्या. दार पुन्हा करता येते. पडलेले छप्पर मुलांच्या डोक्यावर येते.

लाकूड सागवान मिळाले तर उत्तम. जुन्या घराचे वासे किंवा तुळ्या मिळाल्या तर आणखी चांगले, कारण ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते. फक्त त्यातले खिळे शोधून काढा, नाहीतर करवतीचे दात जातील. पॅनेलसाठी पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचे प्लायवूडही चालते. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते रुंदीत फारसे हलत नाही. फळी निवडताना तिच्या टोकाकडे पाहा. वर्षांची वलये तिथे दिसतात. ज्या फळीत ती वलये रुंदीला काटकोनात, म्हणजे उभी दिसतात, ती फळी दुसरीच्या निम्मीच हलते. अशा फळ्या उभ्या पट्ट्यांसाठी राखून ठेवा.

नवे लाकूड असेल तर ते वाळले की नाही हे कसे ओळखायचे? कोणी नखाने पाहतो, कोणी वासाने. मी एक शाळकरी उपाय सांगतो. फळ्या छपराखाली, उन्हात नव्हे, एकीवर एक रचा. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये हात-हात अंतरावर सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, म्हणजे वारा खेळेल. त्यातली एक आखूड फळी खूण करून दर आठवड्याला तराजूत घाला आणि वजन वहीत लिहा. वजन उतरत जाईल, मग उतरायचे थांबेल. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा तोच आला की समजा, फळी तिथल्या हवेच्या बरोबरीला आली. चौथीच्या मुलांना हे काम द्या. ती आवडीने करतील आणि आलेख काढायलाही शिकतील.

आता मापे. ९६ इंचांतून फटींचे ५ सूत वजा केले की राहिले ९५ इंच ३ सूत. त्याचे चार भाग केले की प्रत्येक झडप २३ इंच पावणेसात सूत येते. चारही झडपा अगदी एका रुंदीच्या हव्यात. एक रुंद आणि एक अरुंद असली तर जोडी पूर्ण दुमडत नाही. रुंद झडपेचे टोक बाहेर राहते आणि येणाजाणाऱ्याच्या खांद्याला लागते. खाली फरशीपासून ४ सूत जागा सोडा. फरशी शहाबादी असेल तर तिचा उंचवटा आधी पाहा आणि सगळ्यात उंच जागेपासून माप घ्या.

उभ्या आणि आडव्या पट्ट्यांचे जोड कुसू आणि भोक असे करावेत; नुसत्या खिळ्यांवर ही झडप टिकणार नाही. कुसू भोकात मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसावे. हाताने सहज गेले तर सैल झाले, आणि घणाचे काम पडले तर पट्टी चिरेल. जोडाला सरेस किंवा बाजारातला जलरोधक गोंद लावा. पॅनेलला मात्र गोंदाचा थेंबही लागू देऊ नका. त्याला मोकळे राहू द्या, तेच तर त्याचे काम! खोबणी ४ सूत खोल करा आणि पॅनेल तळाला टेकू देऊ नका. दोन्ही बाजूंना सूत-सव्वा सूत जागा राहू द्या. आणि एक बारकी गोष्ट सांगतो. पॅनेल बसवण्यापूर्वीच त्याला रंगाचा पहिला हात द्या. नाहीतर उन्हाळ्यात ते आकसले की कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडते.

झडप तयार झाली की तिचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की झडप काटकोनात आहे. चौकटीचेही तसेच. आपल्या ८ बाय ७ फुटांच्या चौकटीचा प्रत्येक कर्ण १० फूट साडेसात इंचांच्या आसपास यायला हवा. पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण एकमेकांबरोबर जुळणे महत्त्वाचे. शिवाय चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणून बांधा. मधोमध त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. त्यांच्यात अंतर राहिले किंवा एकीने दुसरीला दाबले, तर चौकटीला पीळ आहे. तो आत्ताच काढा. पिळलेल्या चौकटीत कुठलेही दार सरळ बसत नाही.

शाळेच्या चौकटीला उंबरठा ठेवू नये; मुले अडखळतात. बाह्या फरशीत पुरून घ्याव्यात आणि बसवताना त्यांच्या तळाशी तात्पुरती आडवी पट्टी ठोकावी, म्हणजे अंतर हलणार नाही. ओळंबा दोन बाजूंनी धरायचा, समोरून आणि कडेने. एका बाजूने धरून पुष्कळ जण मोकळे होतात, आणि दार मग आपोआप उघडते किंवा आपोआप मिटते. बाह्या भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी तरी हव्यात, आणि त्यांचा गिलावा पुरता घट्ट होईपर्यंत झडपा टांगू नयेत.

आता बिजागऱ्या. ओढ चौपट आहे हे आपण पाहिले. तेव्हा बाहीशी चार बिजागऱ्या द्या, पाच इंची. त्यांतली एक अगदी वरच्या बिजागरीच्या खाली, वीतभर अंतरावर, कारण ओढ तिथेच आहे. दोन झडपांच्या जोडाला तीन पुरतात. कोकणात आणि समुद्राकाठी लोखंडी बिजागरी लवकर गंजते. तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या.

कुठली बिजागरी कुठल्या बाजूला, यात नवखा सुतार हमखास गोंधळतो. वहीतला कागद घ्या, त्याची लांब पट्टी फाडा आणि दुमडून पाहा. बाहीजवळची घडी एका अंगाला उघडते आणि पुढची घडी उलट अंगाला. बिजागऱ्याही तशाच. बाहीजवळच्या बिजागरीचा खिळा एका तोंडावर आला तर दोन झडपांमधल्या बिजागरीचा खिळा उलट तोंडावर यायला हवा. चारही झडपा जमिनीवर ओळीने मांडा, त्यांना १ ते ४ आकडे घाला, प्रत्येकीचा माथा कुठला ते लिहा, आणि मगच पटाशी हातात घ्या.

बिजागरीच्या पानासाठी खाच पानाच्या जाडीइतकीच खोल करा. जास्त खोल झाली की दार मिटताना दाबले जाते. एका जोडातल्या सगळ्या बिजागऱ्यांचे खिळे एका सरळ रेषेत हवेत; ओळंब्याची दोरी धरून पाहा. एखादी जरी सुतभर बाहेर गेली तरी दार ओढाताण करीत फिरते. स्क्रूसाठी आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा, स्क्रूला मेण लावा आणि पेचकसाने फिरवून बसवा. काही जण अर्धा स्क्रू हातोड्याने ठोकतात आणि वरचे दोन आटे पिळतात. दिसायला काम झाले, पण आतला धागा चिरडला. त्या स्क्रूचा आणि खिळ्याचा गुण सारखाच. चौपट ओढ असलेल्या दारात हे चालणार नाही. पहिल्यांदा प्रत्येक पानात एकच स्क्रू घालून दार टांगा, दुमडून-उलगडून पाहा, आणि समाधान झाले की बाकीचे घाला.

दोन झडपांची जोडी वाऱ्याने हेलकावू नये म्हणून वर एक वाट द्यावी लागते. गणेशपट्टीच्या पोटात ४ सूत रुंद आणि इंचभर खोल खोबणी काढा. पुढच्या झडपेच्या वरच्या टोकाला टॉवर बोल्ट म्हणून मिळणारी उभी सरती कडी लावा. तिची कांब ३ सूत जाडीची असावी. कांब खोबणीत चढवली की ती खोबणीतून सरकत राहते आणि दार सरळ रेषेत चालते. कांब खाली ओढली की झडप मोकळी होते आणि दुरुस्तीला काढता येते. ध्यानात ठेवा, ही खोबणी वजन पेलत नाही, फक्त वाट दाखवते. वजन बिजागऱ्यांचेच. मधोमध मिटल्यावर खाली एक कडी फरशीत उतरवा, म्हणजे मुलांचे धक्के सोसतील.

टांगण्यापूर्वी झडपेची खालची आणि वरची कड रंगवा, विसरू नका. या कडा कुणाला दिसत नाहीत म्हणून त्या कोऱ्या राहतात. आणि लाकूड ओल पिते ते मुख्यतः या कापलेल्या टोकांतूनच. दार उभे झाल्यावर खालची कड रंगवायला ब्रश पोचत नाही.

आता दार उभे राहिले. पहिला पावसाळा आला आणि ते अडले. काय करायचे?

शाळेत औषध हाताशीच आहे. खडू घ्या. जिथे घासते असे वाटते त्या कडेवर खडू घासा, दार मिटा आणि उघडा. समोरच्या कडेवर पांढरा डाग जिथे उमटला, तिथेच घासते आहे. ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. डाग कुठे आहे यावर दुखणे ओळखता येते.

डाग पुढच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यात असेल, तर दार लोंबले आहे. एकाने ती कड हाताने किंचित उचलावी आणि दुसऱ्याने वरच्या बिजागरीकडे पाहावे. बिजागरीचे पान हलले तर स्क्रू सैल आहेत. भोक मोठे झाले असेल तर त्यात सागाची किंवा बांबूची खुंटी गोंद लावून ठोका, वाळू द्या, नवे बारीक भोक पाडा आणि आधीपेक्षा लांब स्क्रू घाला. बिजागरी जागची हलली नाही पण झडपेचा कोपरा उघडमीट झाला, तर कुसवाचा जोड सुटला आहे. तो उघडून पाचर मारून पुन्हा चिकटवावा लागेल. दोन्ही ठीक असूनही कड खालीच असेल, तर बाहीच्या खालच्या बिजागरीच्या पानामागे पुठ्ठा घाला, आणि मधल्या बिजागऱ्यांमागे त्याच प्रमाणात कमी. खालचा भाग बाहीपासून थोडा दूर गेला की पुढची कड वर उचलली जाते. आपल्या दाराला खाली एक मिलिमीटर पुठ्ठा घातला तर चार फुटांवरची कड सुमारे पाऊण मिलिमीटर वर येते. थोडेसेच आहे, पण पुष्कळदा तेवढेच हवे असते.

दार शेवटच्या बोटभर अंतरात मिटेना आणि सोडले की परत उघडले, तर बिजागरी दाबली जाते आहे. स्क्रूचे डोके वर राहिले आहे का पाहा. नसेल तर खाच खोल झाली आहे. पानामागे पातळ पुठ्ठा घाला.

दार आपोआप चालू लागले तर चौकट ओळंब्यात नाही. खालीवर पुठ्ठा घालून थोडे सावरता येते. फार असेल तर बाही उघडून पुन्हा बसवणे हाच खरा उपाय.

आणि डाग उभ्या कडेवर वरपासून खालपर्यंत सारखा उमटला तर? तर दार लोंबलेले नाही, ते फुगले आहे. इथेच सुतारमामांचा हात रंध्याकडे जातो, आणि इथेच तो थांबवायचा. पेन्सिलीची खूण तशीच ठेवा, तारीख लिहा, कडेला मेणबत्तीचे मेण घासा आणि ओढूनताणून काम चालवा. फारच अडत असेल तर ते दोन महिने एकच जोडी वापरा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मार्गशीर्षात पुन्हा खडू लावा. डाग गेला असेल तर दाराला काहीच झालेले नव्हते. डाग अजून असेल, तर आता खुशाल रंधा मारा, पण खुणेपुरता. आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवा.

मुलांच्या बोटांविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोन झडपांचा जोड मिटताना अडकित्त्यासारखा चालतो. झडपांच्या कडा गोल करून घ्या. दार उघडायचे-मिटायचे काम गुरुजींनी किंवा बाईंनीच करावे; मुलांनी त्या वेळी खडूने आखलेल्या रेघेमागे उभे राहावे. दुमडलेल्या झडपांना भिंतीशी लोखंडी आकडा हवाच, आणि तो लहान मुलांच्या हाताच्या वर हवा. मृगाच्या वाऱ्यात सुटलेली चाळीस किलोची जोडी कुणाला ओळखत नाही.

शेवटी वर्षाचा क्रम सांगतो, तो लिहून दाराजवळ लावून ठेवा. ज्येष्ठात, पाऊस लागण्यापूर्वी सगळे स्क्रू पेचकसाने तपासा, बिजागऱ्यांना तेलाचा थेंब द्या, वरच्या खोबणीतली धूळ काढा. आषाढ ते भाद्रपद नुसते पाहा, खडूने डाग घ्या, तारखेसह खूण करा. रंधा पेटीत ठेवा. मार्गशीर्षात खुणा पुन्हा तपासा, लागेल तिथे पुठ्ठा, खुंटी, पाचर. आणि सगळ्यांत शेवटी, लागलाच तर रंधा. फाल्गुनात झिजलेल्या कडांना रंगाचा हात.

सुतारमामांनाही हे पटते, असा अनुभव आहे. फक्त गुरुजींनी त्यांना आषाढात बोलावून “आत्ताच्या आत्ता करून द्या” म्हणून घाई करू नये. मार्गशीर्षात बोलवा, चहा द्या, पावसाळ्यातल्या खुणा दाखवा. पुढचे ते जाणतात.